चौतीस सालातले चनवीर डॉक्टर

शर्यतीआधी गाड्यांची तपासणी जगात कुठंही होत असेल. पण आधी गाडी उताणी करून तिचं पोट तपासायचं आणि मग ती चालवणाऱ्याला खिडकीशी उजेडात उभं करून "आ करा" म्हणायचं, हे फक्त आमच्या धाराशिवात, चनवीर डॉक्टरांच्या घरी होतं. दोन्ही कामांना छोटा गोल आरसा लागतो. "आरसे वेगळे आहेत," असं डॉक्टर दर वेळी कुणी न विचारता सांगतात. आणि दर वेळी आपल्याला शंका येते.

डॉक्टर दाताचे. साठी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, अंगानं काटकुळे, आवाज मात्र भरदार. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि त्याच्या मागं घर असायला पाहिजे, तिथं रस्ता आहे. बैठकीच्या खोलीत प्लायवूडच्या फळ्यांवर सुरू होणारा हा रस्ता दाराच्या चौकटीतून जेवणाच्या खोलीत शिरतो, देव्हाऱ्यासमोर एक वाईट वळण घेतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून परत येतो. रस्त्यात चार खाचा, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. वीतभर मोटार त्या खाचेत ठेवायची. पट्टीतून तिला वीज मिळते आणि हातातला घोडा दाबला की ती सुटते. वळायचं काम खाच करते, वेग आपल्या बोटात असतो. वळणावर बोट जड झालं की गाडी उडते आणि समईवर जाऊन आदळते.

जेवायचं टेबल रस्त्यात गेल्यामुळं डॉक्टर वळणाच्या कडेला ताट ठेवून उभ्या उभ्या जेवतात. मी शेजारी राहते, कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुरुवातीला मला ते बघून कसंतरी व्हायचं. नंतर सवय झाली.

गाड्या साध्या चालत नाहीत. नव्वद वर्षांपूर्वी युरोपात ज्या शर्यती व्हायच्या, त्यातल्याच मोटारी पाहिजेत. लांब नाकाच्या, सायकलीसारख्या बारीक चाकांच्या, चालवणाऱ्याचं डोकं उघड्यावर असलेल्या. लाल असेल ती इटलीची, निळी फ्रान्सची, हिरवी इंग्रजांची, चंदेरी जर्मनांची. डॉक्टर त्या स्वतः घडवतात. कवळीचा साचा काढायच्या प्लास्टरमध्ये गाडीचा साचा काढायचा आणि कवळीच्याच मसाल्यात ती ओतायची. शिकत असताना रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी असल्या मोटारीचं चित्र पाहिलं होतं, तेवढंच निमित्त. खरी शर्यत त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. स्वतः स्कूटर चालवतात आणि ती इतक्या बेतानं चालवतात, की स्टेशन रोडला शाळेच्या पोरी सायकलवरून त्यांना मागं टाकतात.

रविवारी सकाळी त्या घराचा उंबरा ओलांडला की साल बदलतं. "इथं चौतीस साल आहे," डॉक्टर बजावतात. म्हणजे मोबाईल बाहेर ठेवायचा. रशीदभाईंचा मोबाईल एकदा खिशात वाजला तेव्हा डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "चौतीस साली हा आवाज कुठून आला?"

रशीदभाईंचं जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. लाईट गेली तरी शर्यत चालावी म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी त्यांनीच जोडून दिलेली. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, चौतीस में इधर निजाम था. तुमची लाल मोटार हद्दीतच अडवली असती."

डॉक्टरांनी यावर विचार केला आणि त्या दिवशी रशीदभाईंना एक फेरी दंड केला.

क्लब म्हणजे एवढाच. डॉक्टर, रशीदभाई, फेऱ्या मोजायला मी, आणि दिगंबरनाना. चौथ्या खाचेवर औषध कंपनीचा कुणी प्रतिनिधी सापडला तर त्याला उभं करायचं. हरल्याशिवाय डॉक्टर त्याची औषधं घेत नाहीत. जिंकला असता तर काय केलं असतं, हे कळायची वेळ आलेली नाही, कारण डॉक्टर कुणालाच जिंकू देत नाहीत. माझी भाची सुट्टीत आली होती, लहान लेकरू. तिलाही त्यांनी रडेस्तोवर हरवलं आणि मग बक्षीस म्हणून टूथब्रश दिला.

मी फेऱ्या चिंचोक्यांनी मोजते. प्रत्येकाच्या नावाच्या दोन वाट्या, फेरी झाली की एक चिंचोका इकडचा तिकडं. नानांच्या वाटीत चिंचोके नेहमी उरायचे.

दिगंबरनाना एसटीत ड्रायव्हर होते. सगळी हयात तुळजापूरच्या घाटात आणि सोलापूरच्या रस्त्यावर गेली, पण गाडीला कधी ओरखडा नाही. आणि वीतभर मोटार हातात आली की मात्र पहिल्याच वळणाला समई. "हिला ब्रेक न्हाय, हॉर्न न्हाय, आणि मागं कंडक्टर न्हाय," ते म्हणायचे. "म्या चालवू कसं?" डॉक्टरांना 'अरे चन्या' म्हणणारा गावात हा एकच माणूस. बाकी सगळे, माझ्यासकट, 'डॉक्टरसाहेब'.

नाना तंबाखू खायचे. रात्रीच्या गाडीवर झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय, रिटायर झाल्यावरही गेली नाही. तोंडाची तपासणी खरं तर त्यांच्यासाठीच सुरू झाली होती. एकट्याला सांगितलं तर नाना रुसतील, म्हणून डॉक्टरांनी नियम सगळ्यांना लावला. रशीदभाई सुपारीसुद्धा खात नाहीत, तरी गेली कित्येक वर्षं दर रविवारी खिडकीशी उभे राहून आ करतात.

मग नाना लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेले आणि तिकडंच रमले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसऱ्याच्या आधी परत आले ते नव्या हिरव्या मोटारीसाठी हट्ट धरूनच, आणि डॉक्टरांनी रविवारपर्यंत ती घडवून दिली. त्या रविवारी गाड्या तपासून झाल्या. डॉक्टरांनी नानांना खिडकीशी बोलावलं.

"आ कर."

"अरे चन्या, आत्ताच चूळ भरलीय."

"आ कर दिगू."

एरवी हे काम क्षणाचं. डॉक्टर डोकावणार, "शेणघर केलंयस तोंडाचं," म्हणणार आणि सोडून देणार. त्या दिवशी ते आरसा आत ठेवून उभेच राहिले. नानांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला, आरसा पुसला आणि म्हणाले, "चला. गाड्या लावा."

त्या दिवशी डॉक्टरांची लाल मोटार पहिल्या वळणाला उडाली. उचलून ठेवली, दुसऱ्याला उडाली. रशीदभाई माझ्याकडं बघायला लागले. नानांची हिरवी मात्र बैलगाडीसारखी एका चालीनं फिरत राहिली. मी चिंचोके हलवत होते आणि माझ्याच बोटांवर माझा विश्वास बसत नव्हता. नाना जिंकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी घोडा खाली ठेवला, टोपी काढून देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि चौकातल्या दुकानात जाऊन पेढे घेऊन आले. येताना वाटेत भेटेल त्याला वाटत आले. डॉक्टरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि पाठ करून तांब्याची पट्टी पुसत बसले. ती स्वच्छच होती.

रशीदभाई गेले. मी वाट्या आवरत होते. डॉक्टरांनी नानांची बाही धरली.

"दिगू, थांब. गालाच्या आत, दाढेच्या मागं एक चट्टा आहे. आपण उद्या सोलापूरला जायचंय."

नाना हसले. "जिंकलो म्हणून लगीच दवाखाना दाखवतोस व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. नानांचं हसू हळूहळू उतरत गेलं. हातातला पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्याकडं दिला. "ताई, हे तुमच्या कॉलेजात वाटा," म्हणाले आणि चपला घालायला लागले. एक चप्पल सापडेना. ती त्यांच्या पायातच होती.

पुढचं सगळं भराभर झालं आणि सगळं वाईट झालं. सोलापुरात तुकडा काढून तपासला. मग ऑपरेशन. निम्मा जबडा गेला, जिभेचा बराच भाग गेला. नाकातून नळी घातली. घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. ओळख पटायला वेळ लागला, आणि पटल्यावर कुठं बघावं ते कळेना. नाना बोलायचा प्रयत्न करायचे, घशातून नुसता आवाज यायचा. त्यांची बायको, सुमनकाकू, अंदाजानं काहीतरी पुढं करायच्या. पाणी, रुमाल, उशी. नाना मान हलवायचे, मग हलवायचं सोडून द्यायचे.

शर्यती बंद पडल्या. डॉक्टरांनी मात्र नवीनच सुरू केलं. दुपार झाली की दवाखान्याचं शटर खाली. पेशंट दारात गाल धरून उभे असले तरी "आता चारला या" म्हणायचे आणि स्कूटर काढून जायचे. गल्लीत बोलणी झाली. कुणी म्हणालं आता यांना काम होत नाही. कुणी म्हणालं गाड्यांचं सामान आणायला जातात. मलाही तसंच वाटलं, आणि मला त्यांचा राग आला. नानांकडं मी दोनदा संध्याकाळी गेले होते, दोन्हीदा डॉक्टर तिथं नव्हते.

संक्रांतीच्या सुमाराला मानेत गाठ आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्यानंतर आठवडाभरात नानांनी उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा हवेत दाबून दाखवायला सुरुवात केली. काकूंना काही समजेना. त्यांनी रशीदभाईंना विचारलं. रशीदभाई पाहताच म्हणाले, "घोडा दाबतायत. रेस पाहिजे त्यांना."

रविवार ठरला. सकाळी रशीदभाई माझ्याकडं आले. म्हणाले, "ताई, नानांना जिंकवायचं. बाकीच्या खाचांचा करंट मी कमी करतो. तुम्ही चिंचोके जरा इकडं तिकडं करा. मरणाऱ्या माणसाला एवढं तर देऊ." मी हो म्हणाले. आम्हा दोघांना फार बरं वाटलं.

नानांना रिक्षातून आणलं. काकूही आल्या. खुर्ची देव्हाऱ्यासमोरच्या वळणापाशी ठेवली. डॉक्टरांनी नेहमीसारखी गाड्यांची पोटं तपासली. मग खाली वाकून वायरी तपासल्या आणि सरळ उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

रशीदभाईंनी हातातली पकड खिशात घातली.

"पूर्ववत करा."

"डॉक्टरसाब, आज के दिन—"

"चौतीस साली बेइमानी चालत न्हाय. पूर्ववत करा, रशीदभाई." मग माझ्याकडं न बघता, "आणि ताई, चिंचोके नीट मोजा."

त्यांनी रशीदभाईंना आ करायला लावलं. स्वतः आरशात बघून स्वतःचंही तपासलं. नानांच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसले, नानांनी जेवढं उघडता येत होतं तेवढं उघडलं. खोलीत वास पसरला. काकूंनी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला. डॉक्टरांनी आरसा आत घातला, सावकाश पाहिलं आणि म्हणाले, "पास."

शर्यत सुरू झाली आणि डॉक्टरांनी नानांना हरवलं. थोडंथोडकं नाही, पार धूळ चारली. लाल मोटार हिरवीला मागं टाकायची, परत येऊन परत मागं टाकायची. नाना दात नसलेल्या बाजूनं ओठ आवळून घोडा दाबत होते. वळणाला हिरवी उडाली, रशीदभाईंनी उचलून ठेवली. परत उडाली. शेवटच्या फेरीला नानांनी घोडा फेकून दिला आणि खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. घशातून मोठा आवाज निघाला. शब्द नव्हते, पण ती शिवी होती एवढं सगळ्यांना कळलं.

"वळणाच्या आधी सोडायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "किती वर्षं सांगतोय. बस चालवल्यासारखा चालवतोस."

रशीदभाई उठून बाहेर गेले. मला तिथं थांबवेना. तरी काकू एकट्या कशा नेतील म्हणून मी रिक्षात त्यांच्याबरोबर बसले. नाना वाटभर हातवारे करत होते. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र मला वाटलं होतं तसं दुःख नव्हतं.

घरी पोचलो तर मागोमाग स्कूटर. डॉक्टर आत आले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, हात धुतले, आणि काही न विचारता फळीवरचा डबा काढला. डब्यात कापूस, चिमटे, पिचकारी. काकूंनी कोमट पाणी आणून ठेवलं. हे सगळं रोजच्या कामासारखं. डॉक्टरांनी नानांच्या मानेखाली टॉवेल सरकवला आणि जखम धुवायला घेतली.

मी खोलीबाहेर आले. काकू माझ्या मागं आल्या.

"रोज येतात," त्या म्हणाल्या. "दुपारच्याला. नर्स ठेवली होती, दोन दिवसात गेली. पोरगी आली होती लातूरहून, तिला उलटी झाली बघून. मलाबी जमंना. खोटं कशाला बोलू. मग ह्यांनीच धरलं सगळं."

"डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही."

"त्यास्नी कुठं सांगाया येतं काय."

आतून आवाज आला. नाना घशातून काहीतरी म्हणत होते आणि डॉक्टर त्याला उत्तर देत होते. "न्हाय. मुळीच न्हाय. पट्टी स्वच्छ होती. तुझं बोट जड आहे." परत घशातला आवाज. "मग पुढच्या रविवारी खाच बदलून घे. माझी लाल तू घे, मी हिरवी घेतो. तरी हरशील."

काकू दाराआडून बघत होत्या. "आमी सगळे त्यांच्या हो ला हो करतो," त्या म्हणाल्या. "काय मागतील ते देतो. कुणी उलट बोलत न्हाय. दिसभर भिताडाकडं तोंड करून पडतात. एवढा एक तास भांडतात."

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. हात पुसत होते. त्यांनी स्कूटरची चावी खिशातून काढली, परत ठेवली आणि पायरीवर बसले.

"पुढच्या रविवारी येणं जमायचं न्हाय त्याला," ते म्हणाले. "गाठ श्वासनळीवर आलीय."

नाना त्या आठवड्यातच गेले. मातीला बरीच माणसं होती, एसटीतली जुनी मंडळी खाकी घालून आली होती. डॉक्टर एका कडेला उभे राहिले आणि सगळं झाल्यावर निघून गेले. दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडला. रविवारी त्यांच्या घरातून आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. एकदा मी पीठ मागायच्या निमित्तानं गेले, तर फळ्यांवर कापड टाकलेलं होतं आणि डॉक्टर वळणाच्या कडेला उभे राहून भात खात होते.

महिना होत आला तेव्हा सुमनकाकू माझ्याकडं आल्या. गाल सुजलेला. दाढ लई दिवसांपासून दुखत होती, नाना आजारी पडल्यापासून. "त्यांचं तसलं चाललेलं, त्यात माझ्या दाढेचं काय सांगायचं," त्या म्हणाल्या. मी त्यांना हाताला धरून शेजारी नेलं आणि पडद्याबाहेरच्या बाकावर बसले.

डॉक्टरांनी पाहिलं, काढावी लागेल म्हणाले. इंजेक्शन दिलं. आतून बराच वेळ फक्त हत्यारांचा आवाज येत होता. मग डॉक्टर म्हणाले, "निघाली. हा कापूस घट्ट दाबून धरा. अर्धा तास तोंड उघडायचं न्हाय, बोलायचं न्हाय."

आणि मग, काकूंना बोलता येत नाही अशी खात्री झाल्यावर, ते स्वतः बोलायला लागले. एवढा वेळ सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात मोटारींचं काहीच नव्हतं.

"वहिनी, तो लातूरला होता तेव्हा मी दोन-तीनदा फोन करायचं म्हणलं. तोंड बघून घे कुणाकडून तरी, एवढंच सांगायचं होतं. मग वाटलं, येईलच की. दर रविवारी बघत होतो आणि नेमके तेवढेच महिने बघितलं न्हाय." चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज. "मला दुपारचं काय करायचं कळंना झालंय. शटर खाली ओढतो आणि मग आतच बसतो. स्कूटर काढली तर तुमच्या घराकडंच वळते. काल कोपऱ्यापर्यंत आलो होतो. आता कशाला जायचं, म्हणून परत फिरलो."

काकूंनी काही केलं असावं, कारण डॉक्टर थांबले. मग काकूंचा आवाज आला, कापूस काढलेला, सुजलेला, अर्धा बधिर.

"उद्या दुपारी जेवायला या. मला एकटीला घास जात न्हाय."

"कापूस काढू नका म्हणलं होतं," डॉक्टर म्हणाले. बाटली उघडल्याचा आवाज झाला, नवा कापूस घेतला असावा. "आ करा."

काकूंची खुर्ची करकरली.

"दाबून धरा. आणि उद्या भाकरी करत बसू नका, पातळ पिठलं आणि भात करा. दोन दिवस तुम्हाला चावायला जमणार न्हाय."